दुपटं कोणाचं लिहू

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी वंदना शाळेत परत रुजू झाली. रजा अजून पंधरा दिवस शिल्लक होती, पण घरात ती भिंतीकडे बघत बसायची आणि सासूबाई तिच्याकडे बघत बसायच्या. त्यापेक्षा शाळा बरी, एवढाच विचार तिनं केला होता.

शाळा आष्टीच्या पुढं पाच किलोमीटरवर, खडकवाडीत. जिल्हा परिषदेची, दोन खोल्यांची, पाचवीपर्यंत. पहिले तीन वर्ग मुख्याध्यापक राधेश्याम सरांकडं आणि चौथी-पाचवी वंदनाकडं. परतूरहून आष्टीपर्यंत ती एसटीनं यायची, तिथून सरांच्या मोटारसायकलवर मागं बसून वाडीपर्यंत.  त्या दिवशी फाटकापाशी गाडी लावताना सर म्हणाले, "काई लागलं तं सांगा, मॅडम."

"हो," ती म्हणाली.

ऑक्टोबरात, आठव्या महिन्यात, तिच्या पोटातलं हलायचं बंद झालं होतं. जालन्याला नेईपर्यंत ठोके थांबले होते. यात कोणाची चूक नसते, असं डॉक्टरीणबाईंनी दोनदा समजावून सांगितलं. ऑपरेशन करावं लागलं. भूल उतरली तेव्हा सगळं उरकलेलं होतं. मुलगी होती. तिचा नवरा देवानंद मुलीला घेऊन अंबडकडं, गावच्या शेतात गेला होता. संध्याकाळी तो परत आला तेव्हा त्याच्या चपलांना काळी माती होती. तिनं विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली होती.

तेव्हापासून तिला रडू आलं नव्हतं. भाजीत मीठ दोनदा पडलं तरी कळायचं नाही, ती जेवून उठायची. कोणी भेटायला आलं की चहा टाकायची. बायका तिचा हात धरून रडायच्या, आणि यांना आता पाणी द्यावं का, असं तिच्या मनात यायचं.

वर्गात पट सव्वीस होता, हजर पंधरा. बाकीची मुलं आईबापाबरोबर ऊसतोडीला गेली होती. पंधरा जण उभे राहिले, "नमस्ते मॅडम" म्हणाले आणि बसले. एरवी दोन दिवसांच्या सुटीनंतरही ही मुलं तिच्याभोवती गराडा घालायची. आज कोणी काही विचारलं नाही. घरून सगळ्यांना ताकीद मिळाली असणार, हे तिला कळलं. तिनं हजेरी घेतली, फळ्यावर तारीख टाकली आणि भागाकार शिकवला. भागाकार बरोबर शिकवला.

बुधवारी सरांनी मोबाइल पुढं केला. आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या ग्रुपवर निरोप आला होता. चौथी-पाचवीसाठी हिवाळ्यावर एक कृतियुक्त उपक्रम घ्यावा, शुक्रवारी दुपारपर्यंत फोटो टाकावा.

"तुम्हाला जमत नसलं तं मी एक चित्रकला घेऊन टाकतो," सर म्हणाले. "शेकोटी काढा म्हणतो पोरांना. झालं काम."

"मी घेते."

"बघा मंग. घाई न्हाई."

तिनं मागच्या एका वर्षाची टाचणवही काढली. त्यात एक प्रयोग लिहिलेला होता. गरम पाण्याच्या सारख्या बाटल्या घ्यायच्या, प्रत्येकीला वेगळ्या कापडात गुंडाळायचं, तासाभरानं कोणती जास्त गरम राहिली ते मोजायचं. तिला तो बरा वाटला, कारण त्यात शिक्षकाला फार बोलावं लागत नाही. एका संस्थेनं गेल्या वर्षी सगळ्या मुलांना एकसारख्या स्टीलच्या बाटल्या दिल्या होत्या. तापमापी विज्ञानाच्या पेटीत होती. पाणी पुष्पाबाई तापवून देतील, त्या रोज खिचडी शिजवायच्याच.

तिनं मुलांना सांगितलं, "शुक्रवारी घरून काहीतरी आणायचं. तुम्ही थंडीत जे अंगावर घेता ते. पण बाटलीला गुंडाळता आलं पाहिजे."

पाचवीतला करण म्हणाला, त्याच्याकडं बाजारातलं नवीन जाकीट आहे. एकीनं स्वेटर सांगितला, एकानं बापाचा पंचा. एक जण म्हणाला, "आमच्या म्हशीवर गोणपाट टाकत्यात, ते चालतंय का?" वर्ग हसला. वंदना म्हणाली, "चालेल. आण."

रेणू मागच्या रांगेत बसायची. वाडीतल्या मेंढरंवाल्यांच्या घरातली, पाचवीतली. ती उभी राहून म्हणाली, "मॅडम, आमच्या साखराबाईची घोंगडी आणू का? माझी आजी. तिच्यात कितीबी थंडी असू द्या, घाम येतोय."

"आजी देतील का?"

"मी मागून राह्यले म्हणल्यावर देतीच ती."

"गोधडी कोण आणतंय?"

कोणीच हात वर केला नाही. गोधड्या मोठ्या होत्या, चौघं-पाचजण मिळून पांघरायचे तेवढ्या. बाटलीला गुंडाळायच्या कशा? "लहान गोधडी पाहिजे मंग," रेणू म्हणाली आणि लगेच गप्प बसली. वंदनानं फळ्यावरच्या यादीत गोधडी लिहिलं आणि म्हणाली, "बघू."

शुक्रवारी सकाळी तिनं घरातलं कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात, दवाखान्याच्या फायलीशेजारी, ते दुपटं होतं. सासूबाईंनी, म्हणजे तुळजाबाईंनी, पाचव्या महिन्यातच शिवायला घेतलं होतं. त्यांच्या दोन जुन्या लुगड्यांचं, आत मऊ मलमल, वर बारीक धावदोरा. कडेनं लाल पट्टी. ते दवाखान्यात गेलं होतं आणि तसंच घडी न मोडता परत आलं होतं. वंदनानं ते काढलं आणि पिशवीत हजेरीवहीवर ठेवलं.

तुळजाबाई दारात उभ्या होत्या. "ते कशाला गं?"

"शाळेत लागतंय, आत्या."

"शाळंत?"

"बाटल्या गुंडाळायच्यात. प्रयोग आहे."

तुळजाबाई काही वेळ पिशवीकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "डबा घेतला का?" आणि आत गेल्या.

शाळेत खोलीत गारठा होता म्हणून बाकं व्हरांड्यात, सावलीतच, ओळीनं मांडली. उन्हात ठेवलं तर प्रयोग बिघडेल, हे मुलांनीच सांगितलं. आधी तिनं सगळ्यांना अंदाज विचारला. कोणती बाटली सगळ्यात गरम राहील? करणच्या जाकिटाला नऊ हात वर आले. घोंगडीला चार. स्वेटरला दोन. पंच्याला, गोणपाटाला आणि गोधडीला कोणीच नाही.

"घोंगडीच जिंकंल," रेणू म्हणाली. "ती मुळातच गरम असती."

"मोजू या," वंदना म्हणाली. तिनं तापमापी घडी केलेल्या घोंगडीत खुपसली आणि पाच मिनिटं थांबायला सांगितलं. मुलं भोवती वाकून उभी राहिली. पाच मिनिटांनी रेणूनं वाचलं. अठरा. मग बाहेर हवेत धरून वाचलं. अठरा.

रेणूला ते पटलं नाही. तिनं परत खुपसून परत वाचलं. "मंग आजीला घाम कसा येतो?"

"आजीच्या अंगाची ऊब असते. घोंगडी ती बाहेर जाऊ देत नाही."

"म्हंजी आत कोणी नसलं तं ती गारच?"

"हवेएवढी."

रेणूनं घोंगडी हातात धरून बघितली आणि मान हलवली. पुष्पाबाईंनी पातेलं आणून ठेवलं. वंदनानं स्वतः सगळ्या बाटल्यांत एकाच खुणेपर्यंत पाणी भरलं, झाकणं घट्ट लावली. सुरुवातीचं तापमान सगळ्यांचं बहात्तर. एक बाटली काहीही न गुंडाळता तशीच ठेवली. बाकीच्या एकेका मुलाकडं दिल्या. मग तिनं पिशवीतून दुपटं काढलं आणि बाकावर ठेवलं.

मुलांनी ते बघितलं.  करण जाकिटाची चेन लावत होता, तो थांबला.

"हे कोण गुंडाळतंय?" वंदनानं विचारलं.

रेणू पुढं आली. घोंगडी तिनं मैत्रिणीकडं दिली होती. तिनं दुपटं बाकावर तिरकं पसरलं, वरचं टोक थोडं आत दुमडलं, बाटली मधोमध आडवी ठेवली. खालचं टोक वर घेतलं, मग डावीकडचं, मग उजवीकडचं, आणि शेवटचं टोक पाठीमागं खोचलं. बाटलीचं झाकण तेवढं बाहेर राहिलं. तिच्या घरी पाच महिन्यांचा भाऊ होता, तिचे हात आपोआप चालत होते. गुंडाळून झाल्यावर ती बाकावर बसली आणि बाटली मांडीवर घेतली.

"मांडीवर नको," वंदना म्हणाली. "तुझ्या अंगाची ऊब लागेल. बाकावर ठेव."

रेणूनं बाटली बाकावर ठेवली. तिचे कान लाल झाले होते. वंदनाला ते दिसलं.  तिनं घड्याळ बघितलं. दहा वाजून चाळीस मिनिटं.

अर्ध्या तासानं पहिली नोंद झाली. करणचं अक्षर चांगलं, म्हणून फळ्यावर तक्ता आखायचं काम त्याच्याकडं होतं. वस्तू, कोणाची, सुरुवात, अर्धा तास, एक तास. तो एकेक ओळ भरत गेला. पंचा, माझा मित्र सुग्रीव याच्या वडिलांचा, असं त्यानं लिहिलं तेव्हा वंदनानं "माझा मित्र" पुसायला लावलं. घोंगडी, साखराबाईंची. जाकीट, करणचं. गोणपाट, म्हशीचं. त्यावर थोडं हसू झालं. मग खडू थांबला.

"मॅडम, दुपटं कोणाचं लिहू?"

 शेजारच्या खोलीतून पहिलीचे पाढे ऐकू येत होते. रेणू खालच्या आवाजात म्हणाली, "शाळंचं लिही ना."

"माझ्या मुलीचं," वंदना म्हणाली.

करणनं मागं वळून पाहिलं. बाकीच्या ओळींत त्यानं नावं लिहिली होती, त्याला नियम पाळायचा होता. "नाव काय लिहू?"

"नाव ठेवलेलं नाही."

तो थोडा विचारात पडला. मग त्यानं लिहिलं, मॅडमच्या मुलिचं.

"ली दीर्घ," वंदना म्हणाली.

त्यानं बोटानं पुसून दुरुस्त केलं. मॅडमच्या मुलीचं. पुढच्या रकान्यात बहात्तर, त्यापुढं सहासष्ट. आणि तो खालच्या ओळीवर गेला.

तासानं शेवटची नोंद झाली. न गुंडाळलेली बाटली चव्वेचाळीसवर आली होती. पंचा एक्कावन्न, गोणपाट त्रेपन्न, स्वेटर सत्तावन्न, जाकीट अठ्ठावन्न. दुपटं साठ. घोंगडी बासष्ट. रेणूकडं सगळे बघायला लागले, पण ती काही नाचली वगैरे नाही. करण म्हणाला, जाकिटाची चेन नीट लागली नव्हती, परत घ्यावं लागेल. मग वाद झाला आणि पुष्पाबाईंनी खिचडीसाठी हाक मारली.

सर फोटो काढायला आले. बाटल्या, मुलं आणि मागं फळा, असं त्यांनी सगळ्यांना उभं केलं. मोबाइल डोळ्यांसमोर धरला आणि खाली घेतला. तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, फळ्यावरची ती एक ओळ... ग्रुपवर जातो हा फोटो. पुसून घेऊ का?"

"राहू द्या, सर."

"लोक काई बोलतील."

"तक्ता आहे तो. एक रकाना रिकामा कसा ठेवायचा?"

सरांनी फोटो काढला.

सव्वाचारच्या सुमाराला मुलं जायला निघाली तेव्हा फाटकापाशी देवानंदची मोटारसायकल उभी होती. तो जालन्याच्या एमआयडीसीत, बियाण्यांच्या कंपनीत कामाला होता. रोज गाडी परतूर स्टेशनवर लावून रेल्वेनं जायचा, यायला रात्रीचे आठ व्हायचे. शाळेत तो कधी आला नव्हता. वंदनाला वाटलं, घरी काहीतरी झालं.

"आत्या बऱ्या हायत ना?"

"आई बरी हाय." तो फाटकाच्या आत आला, व्हरांड्याच्या पायरीपाशी थांबला. "फोटो पाह्यला. चुलतभावानं टाकला मला. त्याच केंद्रात मास्तर हाय ना तो."

तिला वाटलं, आता तो रागावेल. रागावला तर रागावू दे, असंही वाटलं. तो फळ्याकडं बघत होता. फळा अजून पुसलेला नव्हता. सरांनी दुरूनच हात केला, गाडी चालू केली आणि निघून गेले.

देवानंद पायरीवर बसला. ती थोडं अंतर ठेवून बसली. शाळेच्या मागच्या शेतात कोणी कापूस वेचत होतं, तिथलं बोलणं मधूनमधून ऐकू येत होतं.

"तुम्ही पाहिलं होतं ना तिला?" वंदनानं विचारलं.

दोन महिने हा प्रश्न तिच्याजवळ होता असं नाही. तो तिला आत्ताच सुचला.

"हो," तो म्हणाला.

"मला नव्हतं दाखवलं."

"तू शुद्धीत नव्हती. गावचे काका म्हणले, उशीर करू नका, तिला दाखवू नका, जिवाला लावून घेईल. मी ऐकलं." तो आपल्या हातांकडं बघत होता. "गाडी केल्ती. काका पुढं बसले. मी मागं. मांडीवर घेतल्ती. जालन्यापासून गावापर्यंत तास-सव्वा तास लागला. मधी एका ठिकाणी रस्त्याचं काम चालू होतं, तिथं गाडी थांबली लई वेळ. तव्हा मी कापड बाजूला करून पाह्यलं."

"कशी होती?"

"केस होते. लई. कपाळापर्यंत आलेले. डाव्या कानाची पाळी दुमडल्याली होती. मी ती सरळ केली तर परत दुमडली."

वंदना ऐकत होती. तिला वाटलं होतं, हे ऐकताना छातीत काहीतरी होईल. काही झालं नाही. पण तिला पुढचं ऐकायचं होतं, आणि ऐकायचं आहे असं कित्येक दिवसांत कशाबद्दलच वाटलं नव्हतं.

"अजून?"

"नखं बारीक होती. झोपल्यावानी दिसत होती." तो थांबला. मग म्हणाला, "ते दुपटं आईनं त्याच्यासाठीच बॅगेत दिल्तं. बाळ झालं की गुंडाळायला. बॅग वरच्या मजल्यावर राह्यली. खाली गाडीत बसल्यावर ध्यानात आलं. परत वर जाऊन घेऊन यायचं तेवढं झालं न्हाई माझ्याच्यानं. दवाखान्याच्या कापडातच नेली. हिरवं कापड. आईला मी सांगितलं, दुपट्यात नेली म्हणून. मंग ती घरी येऊन पाहते तं दुपटं कपाटात. ती मला एका शब्दानं बोलली न्हाई."

तो रडत होता. आवाज नव्हता, नुसतं तोंड वाकडं झालं होतं. वंदनानं त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं. तिनं हात पुढं केला आणि त्याच्या पाठीवर ठेवला. शर्ट प्रवासात गार पडला होता. ती हात तसाच ठेवून बसली. आपण हे कर्तव्य म्हणून करतोय की कसं, ते तिला नीट सांगता आलं नसतं.

"रविवारी जाऊ आपण," ती म्हणाली. "मला जागा दाखवा."

"बरं."

"आत्यांना पण घेऊ."

रविवारी शेजाऱ्याची गाडी मागून घेऊन तिघं गावाला गेले. शेतात हरभरा होता, घाटे अजून धरले नव्हते. बांधाच्या कडेला, हातभर लांबीची जागा पेरताना सोडून दिलेली होती. त्यावर एक सपाट दगड. बाकी काही नव्हतं. काका दूर विहिरीपाशी उभे राहिले, जवळ आले नाहीत.

वंदना दगडाशेजारी बसली. मातीत हात ठेवला. माती वरून कोरडी होती, खाली ओल होती. तुळजाबाई तिच्या बाजूला बसल्या, पदरानं तोंड झाकून. थोड्या वेळानं त्यांनी पदर काढला.

"मला बी कोणी न्हाई दाखवली," त्या म्हणाल्या. "मी म्हणलं, मी कोण इचारनारी. जिची हाय तिनंच पाह्यली न्हाई."

वंदनानं सासूकडं पाहिलं. दोन महिने एका घरात राहून तिला हे माहीत नव्हतं. ती देवानंदला म्हणाली, "बसा खाली. आत्यांना सांगा."

"काय सांगू?"

"मला सांगितलं ते. पहिल्यापासून."

देवानंद उकिडवा बसला. दवाखान्याच्या खाली गाडी कुठं लावली होती, तिथून त्यानं सुरुवात केली. दुपटं वर राहिल्याचंही त्यानं सांगितलं. आईकडं न बघता. तुळजाबाई म्हणाल्या, "मला ठावं हाय. पुढं सांग." मग रस्त्याचं काम आलं, केस आले, कान आला. तुळजाबाईंनी विचारलं, रंग कसा, त्यानं सांगितलं, वंदनासारखा सावळा. शुक्रवारी हे त्यानं सांगितलं नव्हतं.

"नाक?" वंदनानं विचारलं.

"नाक..." तो आठवू लागला. विहिरीवरून काकांनी हाक मारून चहा आणू का विचारलं.  "नाक आईवानी," तो म्हणाला. "बसकं."

तुळजाबाईंचा हात आपल्या नाकाकडं गेला आणि त्या हसल्या. हसता हसता रडायला लागल्या. वंदनाला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. तिनं फक्त पुढचा प्रश्न विचारला. पाय कसे होते, बोटं लांब होती का आखूड. देवानंद सांगत राहिला, जे आठवत नव्हतं ते आठवत नाही म्हणाला. ऊन अंगावर आलं तरी तिघं तिथंच बसले होते.